हिवाळ्यात बाईक झोपवावी की चालवत राहावी?

नेकरकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१२

मंडळी, मी स्टुटगार्टला असतो. एप्रिलमध्ये इथल्या एका निवृत्त गृहस्थांकडून रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० घेतली. सेकंडहँड, पण गाडीच्या क्रोमवर एक डाग नाही. आजोबा फक्त उन्हाळ्यात चालवायचे, बाकी वेळ चादरीखाली.

पुण्यात मी बारा महिने गाडी चालवली. पावसाळ्यात फार तर सीटवर पिशवी बांधली. इथे मात्र ऑक्टोबर संपला आणि ऑफिसच्या पार्किंगमधल्या दुचाक्या दिसेनाशा झाल्या. एक सहकारी म्हणतो, मार्चपर्यंत गाडी विसर. दुसरा बर्फ पडलेला दिवस सोडला तर रोज बाईकवर येतो आणि पहिल्याला हसतो.

माझा विचार असा: बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये ठेवायची, दर रविवारी दहा मिनिटं चालू करायची आणि ऊन पडलं की एखादी चक्कर मारून आणायची. तळघरात विजेचा पॉइंट नाही. नंबरप्लेट पूर्ण वर्षाची आहे. हा मधला मार्ग कसा वाटतो?

---

आज्जीची_लुना | ९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

वाचतोय. ठाण्यात हिवाळा म्हणजे पंखा दोनवर. त्यामुळे माझा काही उपयोग नाही, पण धागा छान आहे.

---

नाना_गॅरेजवाले | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

नेकरकाठभाऊ, बाकी काय करायचं ते करा, पण दर रविवारी दहा मिनिटं गाडी चालू करायचं तेवढं डोक्यातनं काढून टाका. कोल्हापुरात माझ्याकडं दर वर्षी अशा गाड्या येतात. पोरगा परदेशी गेलेला असतो. जाताना वडलांना सांगून जातो, "बाबा, आठवड्यातनं एकदा चालू करत जा." बाबा इमानदारीनं करतात. दोन वर्षांनी पोरगा येतो तेव्हा सायलेन्सर आतनं सडलेला, ऑइल दुधाळ आणि बॅटरी मेलेली.

कारण साधं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. गाडी रस्त्यावर अर्धा-पाऊण तास पळाली की सगळं तापतं आणि वाफ बाहेर पडते. जागेवर दहा मिनिटं चालवून बंद केली की तीच वाफ सायलेन्सरमध्ये आणि इंजिनात थंड होऊन बसते. आणि स्टार्टरनं बॅटरीतनं जेवढं खाल्लं तेवढं जागेवरच्या दहा मिनिटांत परत भरत नाही, ते वेगळंच.

एक तर चालवा, नाहीतर हातच लावू नका.

---

पुराव्यानिशी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४१

एक लिटर पेट्रोलमधून एक लिटर पाणी? नाना, हे जरा जास्तच झालं.

---

नाना_गॅरेजवाले | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४४

केमिस्ट्रीवाल्या कुणालातरी विचारा. मी गॅरेजवाला आहे.

---

बेन्झीनकडी | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

नाना बरोबर आहेत. पेट्रोलच्या जागी हिशेबाला ऑक्टेन धरा. त्याचा एक रेणू जळला की पाण्याचे नऊ रेणू होतात, म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनमधून १६२ ग्रॅम पाणी. इंधनापेक्षा पाणी जास्त वजनाचं, कारण ऑक्सिजन हवेतून येतो. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं. करा गुणाकार. लिटरभर पाणी सहज होतं. थंडीत गाड्यांच्या सायलेन्सरमधून जो धूर दिसतो तो बराचसा हाच.

---

दहाहजारतळी | १० नोव्हेंबर, सकाळी ८:०२

मिनेसोटातून लिहितोय. इथे हा वाद होत नाही, कारण जानेवारीत पारा उणे २५-३० ला जातो तेव्हा बाईकचं नाव कुणी काढत नाही. नोव्हेंबर ते मार्चअखेर गाडी गॅरेजात. त्यामुळे झोपवायचं कसं, ते मी सांगतो.

पहिलं इंजिन ऑइल. बरेच जण वसंतात बदलतात. ते उलटं आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि पाणी असतं. ते चार-पाच महिने बेअरिंगना लावून का ठेवायचं? झोपवायच्या आधी बदला, नवीन ऑइलवर थोडी चालवा, मग उभी करा.

दुसरं पेट्रोल. युरोपात आता बऱ्याच पंपांवर ई-१० मिळतं, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि पुरेसं पाणी जमलं की ते दोघं मिळून तळाला वेगळे होतात. इंटरसेप्टरची टाकी लोखंडी पत्र्याची आहे. अर्धी रिकामी ठेवलीत तर वरच्या भागात दव धरून गंज चढतो. म्हणून कमी इथेनॉलचं पेट्रोल मिळत असेल तर ते घ्या, त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं रसायन) घाला, टाकी गळ्यापर्यंत नाही पण जवळजवळ पूर्ण भरा, आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर फिरवा म्हणजे स्टॅबिलायझर इंजेक्टरपर्यंत पोचेल. कार्ब्युरेटरची गाडी असती तर फ्लोट बोलमधलं, म्हणजे तिच्या तळच्या वाटीतलं, पेट्रोलही काढून टाका म्हटलं असतं. जुन्या बुलेटवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तिसरी बॅटरी. पॉइंट नाही म्हणताय, मग काढून घरात आणा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, पण उतरलेली उणे सात-आठलाच गोठते आणि फुटते. साधी लेड-ॲसिड असेल तर महिन्या-दीड महिन्याने स्मार्ट चार्जर लावा. लिथियम असेल तर चार्जर त्याचाच हवा, आणि शून्याखाली असताना ती चार्ज करायची नाही.

चौथं: उंदीर. हसू नका. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं करतात आणि वायरी कुरतडतात. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेला बोळा लावा आणि त्याला लाल फीत बांधून ती हँडलवर आणा, म्हणजे वसंतात बोळा काढल्याशिवाय किल्ली फिरणार नाही.

टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, जमलं तर चाकं उचलून ठेवा. नाहीच जमलं तर महिन्यातून एकदा गाडी हातभर पुढे ढकला. याचा मात्र लोक उगाच बाऊ करतात.

आणि वर प्लास्टिक टाकू नका. आजोबांची सुती चादरच बरोबर होती.

---

खारट_मँचेस्टर | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

आता दुसरी बाजू. मी मँचेस्टरात बारा महिने बाईकवर ऑफिसला जातो. इथला हिवाळा मिनेसोटासारखा नाही, शून्याच्या आसपास घुटमळणारा आणि ओला. युरोपच्या बऱ्याच भागात असाच असतो, स्टुटगार्टातही.

आधी एक गैरसमज काढतो. थंडीमुळे बाईकचं फारसं काही बिघडत नाही. बिघडवतं ते मीठ. इथे रात्री तापमान उतरणार असा अंदाज आला की रस्त्यावर खडे मीठ फेकतात. जवळच विन्सफर्डला त्याची मोठी खाण आहे. ते मीठ ओल्या रस्त्यावरून उडून रेडिएटर, नट-बोल्ट, स्पोक, सायलेन्सरचे जोड, सगळ्यांत जाऊन बसतं. चार आठवड्यांत नट तपकिरी होतात.

माझा नेम असा: ऑक्टोबरात गाडी धुऊन वाळवून ब्रेक वगळून सगळीकडे एसीएफ-५० हा गंजरोधक फवारा मारतो. ब्रेक डिस्कवर चुकूनही उडू द्यायचं नाही. मग रोज घरी आल्यावर थंड पाण्याने धुतो. गरम नाही, थंड! गरम पाण्यात मिठाची गंजवण्याची क्रिया वेगाने होते. प्रेशर वॉशर बेअरिंगांवर मारायचा नाही, बागेची नळी पुरते. चेनला दर आठवड्याला वंगण.

अंगाची सोय वेगळी. पाच अंशांत ताशी १०० ने गेलात तर अंगाला उणे तीन जाणवतं, आणि पहिले बोटं जातात. हीटेड ग्रिप (तापणाऱ्या मुठी) घेतलेत तर त्यावर हँडल मफ, म्हणजे मुठींवरचं जाड कव्हरही लावा, नाहीतर तळवे भाजतात आणि बोटांचा मागचा भाग गोठतो. बधिर बोटांनी ब्रेक किती दाबला ते कळत नाही, हे थंडीपेक्षा धोक्याचं.

टायर सात अंशांखाली कडक होऊ लागतात, म्हणून पहिले काही किलोमीटर अगदी हळू. आणि पुलावर सावध! पूल वरून आणि खालून दोन्हीकडून थंड होतो, त्यामुळे रस्ता कोरडा दिसत असतानाही पुलावर बर्फ असू शकतो.

पण इंटरसेप्टर? एवढं क्रोम आणि स्पोकची चाकं घेऊन मिठात? मी नाही नेणार. इथे त्यासाठी लोक एक जुनी स्वस्त गाडी ठेवतात, 'विंटर हॅक' म्हणतात. माझी आहे होंडा सीजी १२५. ड्रम ब्रेक, आणि चेन पूर्ण बंद डब्यात. स्प्लेंडरचं चेनकव्हर आठवा. गावाकडच्या चिखलासाठी केलेली ती सोय मिठालाही चालते.

---

दापोलीकर | १० नोव्हेंबर, रात्री ८:५५

खारट यांचं मीठपुराण वाचून बरं वाटलं. आमच्याकडे मीठ रस्त्यावर टाकावं लागत नाही, समुद्रच फेकतो. जून ते सप्टेंबर पडवीत गाडी उभी केली तरी स्पोक तांबूस होतात आणि सीटवर पांढरी बुरशी येते. इथे वॉशिंगवाले धुऊन झाल्यावर खालून डिझेल आणि जुनं ऑइल फवारून देतात. दोनशेत काम. तुमचं ते एसीएफ काय भावाने मिळतं?

---

खारट_मँचेस्टर | १० नोव्हेंबर, रात्री ९:१०

महाग आहे, पण एक डबा दोन हिवाळे पुरतो. डिझेलचा फवारा टाळा दापोलीकर. रबरी बुश आणि सील फुगतात, आणि ब्रेकवर उडालं तर बघायलाच नको. त्यापेक्षा क्रोमला गाडीचं साधं मेण लावा, स्पोकवर हलक्या तेलाचा हात फिरवा.

---

हिमगौरी | ११ नोव्हेंबर, दुपारी १:३५

नेकरकाठ, मी म्युनिकला असते, गेली काही वर्षं बाईक चालवते. यांत्रिक भाग वर झालाच आहे, मी जर्मन कायद्याकडे येते, कारण तुमचा प्रश्न तिथेच अर्धा सुटतो.

इथे १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट आहे. प्लेटच्या उजव्या टोकाला दोन आकडे असतात, एकावर एक: ०३ आणि १० असेल तर मार्च ते ऑक्टोबर. कमीत कमी दोन, जास्तीत जास्त अकरा महिने. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. हंगाम संपला की गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणं तर सोडाच, उभी करणंही चालत नाही. तळघर आहे म्हणजे तुमची ती अडचण नाही. उभ्या गाडीला चोरी-आगीचं संरक्षण बहुतेक कंपन्या देतात, पण गाडी कुलूपबंद किंवा कुंपणाच्या जागेत हवी. तुमचं तळघर त्यात बसतं का, ते विमावाल्यांकडून लेखी घ्या.

सहसा कुणी सांगत नाही अशा दोन गोष्टी. एक, हंगाम सहा महिन्यांपेक्षा कमी घेतलात तर बहुतेक विमा कंपन्या ते वर्ष 'अपघाताविना' मोजत नाहीत आणि सवलत पुढे सरकत नाही. दोन, गाडीची तांत्रिक तपासणी हंगामाबाहेर येत असेल तर ती पुढच्या हंगामाच्या पहिल्या महिन्यात करायची. तोपर्यंत दंड नाही.

हिवाळी टायरची सक्ती मोटारींना आहे, दुचाकींना २०१७ पासून नाही. याचा अर्थ बर्फात नेल्यास तुम्ही निर्दोष असा नव्हे. तुमचा तो हसणारा सहकारी पडला तर विमा कंपनी प्रश्न विचारणारच.

तोटाही सांगते. म्युनिकला जानेवारी-फेब्रुवारीत आल्प्सवरून फ्योन नावाचा कोरडा वारा सुटतो. एका दिवसात तापमान पंधरा-सोळावर, डोंगर हाताला लागतील इतके स्वच्छ, रस्ते कोरडे. आणि आपली गाडी प्लेटवरच्या ०३ मुळे अडकलेली! त्या दिवशी शेजारचा बारमाही प्लेटवाला मुद्दाम सायलेन्सर वाजवत जातो असा माझा दाट संशय आहे.

---

आज्जीची_लुना | ११ नोव्हेंबर, दुपारी २:००

म्हणजे तिथे बर्फात बाईक चालवणारे वेडे नाहीतच?

---

हिमगौरी | ११ नोव्हेंबर, दुपारी २:२६

भरपूर आहेत. त्यांची जत्राच भरते, एलिफांटेनट्रेफेन म्हणजे हत्तींचा मेळा, १९५६ पासून. आता ती बव्हेरियाच्या जंगलात थुरमान्सबांगजवळ भरते, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. बर्फात तंबू, गवत पसरून झोपायचं, साइडकारच्या गाड्या, चाकांना साखळ्या. नाव पडलं झ्युन्डाप केएस ६०१ या जुन्या जर्मन बाईकवरून, तिला 'हिरवा हत्ती' म्हणत. हौस वेगळी आणि सोमवारी ऑफिसला जाणं वेगळं.

---

रोहतांगपार | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१८

आपल्याकडेही ही हौस वाढली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलला हिवाळ्यातही जाता येतं, म्हणून मुंबई-पुण्याची मुलं जानेवारीत भाड्याच्या गाड्या घेऊन पोचतात. नऊ किलोमीटर कोरड्या, प्रकाशलेल्या बोगद्यातून भरधाव येतात, आणि उत्तर टोकाला बाहेर पडल्याबरोबर काळा बर्फ. दिसतो ओल्या डांबरासारखा. तिथे पडलेली बाईक आणि रस्त्याकडेला बसलेला कुणीतरी दिसणं नवीन नाही. खारट यांनी पुलाचं सांगितलं तसं बोगद्याच्या तोंडाचंही लक्षात ठेवा.

---

नेकरकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४८

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. नाना, रविवारचा कार्यक्रम रद्द.

तरी एक शंका आहे. खारट म्हणतात मीठ शत्रू, दहाहजारतळी म्हणतात ओल शत्रू. मग ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी तासभर चालवली तर नानांच्या हिशेबाने गाडी पुरेशी तापेल. त्यात वाईट काय?

---

खारट_मँचेस्टर | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

कोरडा रस्ता म्हणजे मीठ नसलेला रस्ता नव्हे. पाणी उडून जातं, मीठ पांढऱ्या भुकटीच्या रूपात तिथेच राहतं आणि चाकाबरोबर उडतं. तुम्ही तळघरात गाडी लावता, तिथे हवा दमट. मीठ तो दमटपणा ओढून घेतं आणि रात्रभर काम करत राहतं. चक्कर मारलीत तर त्याच दिवशी पूर्ण धुवायला हवी. तळघरात नळ आहे?

---

नेकरकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री १०:२१

नाही. आणि बिल्डिंगच्या आवारात गाडी धुवायला परवानगीही नाही.

---

नाना_गॅरेजवाले | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मग मिटलं. धुता येत नाही, चार्जर लावता येत नाही. झोपवा.

---

खारट_मँचेस्टर | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५२

रोज चालवून रोज धुणाऱ्याची गाडी टिकते, नीट झोपवलेलीही टिकते. मधेमधे काढून न धुता परत ठेवलेली सगळ्यात आधी जाते. एवढ्यावर माझं आणि नानांचं एकमत आहे, आणि ते काही रोज होत नाही.

मात्र झोपवलेली गाडी आपोआप चांगली राहते असंही धरू नका. ब्रेक ऑइल ओलावा शोषतं, दोन वर्षं झाली असतील तर याच वेळी बदलून घ्या. ब्रेकच्या कॅलिपरचे, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन अडकतात. पॅड काढून साफ करून ठेवलेत तर मार्चमध्ये त्रास नाही.

---

दहाहजारतळी | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

आणि मार्चमध्ये घाई नको. बर्फ वितळला म्हणजे मीठ गेलं असं नाही. एक-दोन जोराचे पाऊस रस्ता धुऊन जाऊ देत. वळणांवर हिवाळ्यात टाकलेली खडी पडलेली असते, तीही तोवर झाडली जाते. आपले हातही चार महिने गंजलेले असतात, पहिल्या दिवशी आल्प्सच्या दिशेने निघू नका.

---

पुराव्यानिशी | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

बेन्झीनकडी, गुणाकार केला. लिटरपेक्षा थोडं जास्तच येतंय. नाना, शब्द मागे घेतो.

---

नेकरकाठ | १३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

ठरलं. शनिवारी ऑइल बदलतो, टाकी भरतो, पैसे देऊन धुण्याच्या जागी जाऊन थंड पाण्याने धुतो, मेण लावतो. बॅटरी घरात येईल. ती कपाटात ठेवायची यावर घरात वाटाघाटी सुरू आहेत. हंगामी प्लेटही घेतो, ०४ ते ११ चा विचार आहे. मार्चचं मीठ टळेल आणि नोव्हेंबरचे कोरडे दिवस मिळतील. हिमगौरी, शनिवारी सगळं उरकून सोमवारी गाडीवरच नोंदणी कार्यालयात जाऊ का?

---

हिमगौरी | १३ नोव्हेंबर, रात्री ८:५१

०४ ते ११ घेतलीत तर नोव्हेंबर हंगामातच येतो, म्हणून चालेल. पण ०३ ते १० घेतलीत तर जाताना बाईक, येताना ट्राम, कारण नवी प्लेट लागल्या क्षणी तुम्ही हंगामाबाहेर! आणि तसंही गाडी न्यायची गरजच नाही. आधी ती तळघरात जागेवर लावा, प्लेट काढून घ्या, कागदपत्रं आणि विम्याचा नवा क्रमांक घेऊन जा. हो, हा क्रमांक हंगामी विम्याचाच मागा, बारमाहीचा दिला तर खिडकीवरून परत पाठवतील. कार्यालयाची वेळ ऑनलाइन आजच घ्या.

---

आज्जीची_लुना | १३ नोव्हेंबर, रात्री ९:१४

बॅटरी कपाटात कुठल्या खणात ठेवायची ठरली, ते कळवा.